दिनविशेष : २० सप्टेंबर – कॅडीने जिंकले क्लबचे मैदान

१९१३ : अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्रूकलाइन येथील ‘द कंट्री क्लब’च्या मैदानावर २० वर्षांच्या फ्रान्सिस विमेट या हौशी खेळाडूने यूएस ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली. चार फेऱ्यांनंतर विमेट आणि हॅरी व्हार्डन व टेड रे हे नामवंत ब्रिटिश व्यावसायिक प्रत्येकी ३०४ फटक्यांवर बरोबरीत होते. निर्णायक फेरीत विमेटने ७२ फटके घेतले. व्हार्डनला ७७, तर रेला ७८ लागले.

विमेटचे घर मैदानाच्या १७व्या होलसमोर, रस्त्यापलीकडे होते. लहानपणी त्याने याच क्लबात कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या गोल्फ-स्टिक वाहून नेण्याचे, काम केले होते. या स्पर्धेत त्याचा कॅडी होता अवघ्या १० वर्षांचा एडी लाउरी.

१८८२मध्ये स्थापन झालेला हा क्लब आरंभी घोडेस्वारी आणि शर्यतींसाठी ओळखला जाई. १८९३मध्ये तेथे सहा होलचे गोल्फ मैदान तयार झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना स्थापणाऱ्या पाच क्लबांत त्याचा समावेश होता. विमेटच्या विजयाने श्रीमंतांचा मानला जाणारा हा खेळ सामान्य अमेरिकी माणसाच्या चर्चेत आला. कॅडींच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाने १९४९पासून शिष्यवृत्ती दिली जाते.