जेट बोट : मालकीचा हिशेब

जेट बोट : तळाखालचे पाणी पंपाने आत ओढून मागच्या बाजूने जोरात बाहेर फेकायचे आणि त्या झोताच्या प्रतिक्रियेने पुढे सरकायचे, या तत्त्वावर चालणारी वेगवान नौका. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो आणि पाण्यात लोंबणारे सुकाणूही नसते. करमणुकीसाठी विकत घेतल्या जाणाऱ्या साधारण १९ ते २७ फुटी जेट बोटींचा विचार या नोंदीत केला आहे.

या बोटीचा स्वभाव कळायला तिचे जन्मस्थान पाहावे लागते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मॅकेंझी भागात विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांचे ‘आयरिशमन क्रीक’ नावाचे मेंढ्यांचे मोठे कुरण होते. आसपासच्या नद्या बर्फाळ डोंगरांतून उतरणाऱ्या, गोट्यांच्या पात्रात अनेक फाट्यांनी पसरलेल्या आणि ठिकठिकाणी वीतभर खोल. अशा पात्रात पंख्याची बोट फार लांब जात नसे. पाण्याच्या झोताने नाव चालवण्याची कल्पना मुळात जुनी. अमेरिकेत जेम्स रम्से यांनी १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या बळावर तसा प्रयोग केला होता. हॅमिल्टन यांनी ती वापरण्याजोगी केली. त्यांच्या पहिल्या रचनेत झोत बोटीखाली पाण्यातच सुटत असे. १९५४ मध्ये त्यांनी नोझल पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणले आणि वेग ताशी सुमारे २७ किलोमीटरांवर गेला. शिवाय तळाखाली आपटण्यासारखे काही उरले नाही. पुढे पंपाची रचना बदलत गेली तसा वेगही वाढला. १९६० मध्ये हॅमिल्टन यांच्या जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या.

भारताने हे सामर्थ्य १९७७ मध्ये पाहिले. सर एडमंड हिलरी यांची ‘सागर ते आकाश’ मोहीम तीन जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून निघाली. बंगालचा सपाट प्रवाह, काशीचे घाट, हृषीकेशच्या वरचे खळाळ असे टप्पे पार करत त्या हिमालयात शिरल्या. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना थांबवले आणि पुढचा प्रवास पायी झाला.

आजच्या जेट बोटीत इंजिन मागच्या भागात तळाशी बसवलेले असते. तळाच्या जाळीतून आलेले पाणी इंपेलर नावाचा चक्राकार पंखा मागे ढकलतो, स्थिर पाती त्या पाण्याचा पीळ काढतात आणि निमुळते नोझल त्याला वेग देते. चाक फिरवले की नोझल डावी-उजवीकडे वळते. मागे जाण्यासाठी नोझलपुढे एक वाटी उतरते आणि झोत उलट पुढे वळवते. बऱ्याच जेट बोटींत ‘न्यूट्रल’ म्हणजे ही वाटी अर्धी उतरवलेली अवस्था. इंजिन चालू असेपर्यंत इंपेलर फिरतच राहतो. नव्या मालकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी.

बाजारात ही बोट स्थिरावली ती अमेरिकेतल्या तलावांवर. बॉम्बार्डियरने १९९४ च्या सुमारास सी-डू स्पीडस्टर आणली, पाठोपाठ यामाहा उतरली. दोघींनी वॉटर स्कूटरची इंजिने आणि पंप मोठ्या तळात बसवले. यामाहा टिकून राहिली. पण बॉम्बार्डियरची सी-डू पुढे बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने २०१२ मध्ये स्पोर्ट बोटींचा व्यवसाय बंद केला, तेव्हा हजारो मालकांना सुटे भाग आणि दुरुस्तीची काळजी लागली. मनोरे, गाद्या, ध्वनियंत्रणा पाहून भुलणाऱ्या ग्राहकाने हा इतिहास आठवावा : बोट घेताना कंपनीची चिकाटी आणि जवळचा मिस्त्री या दोन्ही गोष्टी विकत घ्यायच्या असतात.

फायद्यांत पहिला मान सुरक्षिततेला द्यायला हवा. बोटीभोवती पोहणाऱ्या मुलांना उघड्या पंख्याचा धोका नाही, ही कुटुंबासाठी फार मोठी गोष्ट आहे. मागे इंजिन लटकत नसल्याने तिथे बसायला, उतरायला ऐसपैस फळी मिळते. उथळ पाण्यात, वाळूच्या दांड्याजवळ, ती निर्धास्त जाते. थ्रॉटल दाबताच उसळी घेते आणि जागच्या जागी वळते.

पण ‘पंखा नाही म्हणजे धोका नाही’ असे समजणे घातक आहे. मोकळे लांब केस, दोर किंवा सैल कपडे तळाच्या जाळीत ओढले जाऊ शकतात. झोताच्या अगदी मागे पडलेल्या माणसाला पाण्याच्या जोराने गंभीर अंतर्गत इजा होते. उत्पादक तशी सूचना बोटीवर छापतात आणि पोहण्याचा जाड पोशाख घालायला सांगतात. चालकाच्या अंगाला जोडलेली इंजिन बंद करणारी दोरी आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, यांत तडजोड नको.

सगळ्यांत मोठा दोष सुकाणूचा. झोत हेच सुकाणू असल्याने थ्रॉटल सोडला की वळण्याची ताकदही जाते. समोर अडथळा दिसताच घाबरलेला नवखा चालक हात मागे घेतो आणि बोट सरळ त्याच दिशेने घसरत राहते. वॉटर स्कूटरच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये थ्रॉटल सोडल्यावरही वळता यावे यासाठी उपाय तपासण्याची शिफारस केली. आज काही बोटींना मागे छोटी पाती बसवलेली असतात. धक्क्याला लावताना संथ वेगात ही बोट वाऱ्यावर भरकटते. त्यासाठी सराव लागतो आणि तो गर्दीपासून दूरच करावा.

दुसरा दोष इंधनाचा आणि आवाजाचा. छोट्या जेट बोटींची इंजिने मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत चढतात आणि मध्यम वेगात पंपापेक्षा पंखा अधिक कार्यक्षम ठरतो. माणसे आणि सामान वाढले की फरक आणखी जाणवतो. लाटांच्या उसळीत जाळी पाण्याबाहेर आली तर पंपात हवा शिरते, जोर तुटतो आणि इंजिनाचा वेग क्षणात वाढतो. खुल्या समुद्रात लांब पल्ला गाठणाऱ्यासाठी ही अडचण किरकोळ नाही. भारतीय नौदलाच्या कार निकोबार वर्गातल्या गस्ती नौका वॉटर जेटवरच चालतात. पण तिथे मोठे पंप, मोठी इंजिने आणि रोजच्या देखभालीला प्रशिक्षित माणसे असतात.

कचरा हा जेटचा खरा शत्रू. वाळू-खडीने इंपेलरच्या कडा आणि त्याभोवतीची कडी झिजतात. फट थोडी वाढली तरी जोर उतरतो. प्लॅस्टिकची एक पिशवी जाळीवर बसली की बोट अडते. काही बोटींत मागून हात घालून पंप मोकळा करण्यासाठी झाकणे असतात. ती उघडण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढलीच पाहिजे. जलपर्णीने भरलेल्या नदीत, जसे पंचगंगेत ठिकठिकाणी दिसते, जेट बोट उतरवू नये.

कोकणकिनारी हे सगळे एकदम समोर येते. खाडीत ठिकठिकाणी मासेमारीची जाळी आणि त्यांचे दोर, भरतीबरोबर येणारे प्लॅस्टिक, ओहोटीला उघडे पडणारे दांडे. दांड्यांवर जेट जिंकते, बाकी दोन्ही ठिकाणी हरते. आउटबोर्ड, म्हणजे मागे लटकणारे मशीन, बोट उभी असताना वर उचलून ठेवता येते. जेटचा पंप मात्र पाण्यातच राहतो आणि उबदार खाऱ्या पाण्यात त्याच्या आत कालवांसारखे जीव धरतात, म्हणून बोट ट्रेलरवर किंवा उचलणीवर ठेवणे भाग. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुणे आवश्यक. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत पर्यटकांच्या छोट्या बोटी एरवीही किनाऱ्यावरच असतात. त्या काळात देखभाल उरकता येते.

स्वच्छ, शांत जलाशय किंवा उथळ नदी, पोहणारी मुले, छोटे पल्ले आणि हाताशी जाणकार मिस्त्री, एवढे असेल तर जेट बोट आनंदाची आणि सोयीची खरेदी आहे. जाळ्यांच्या खाडीत रोज फिरायचे असेल, मासेमारी करायची असेल किंवा समुद्रात लांब जायचे असेल, तर आउटबोर्डचीच बोट घ्यावी.