सापाची पहिली कात : घाई नको, ओलावा हवा

अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारा ‘कॉर्न स्नेक’ हा बिनविषारी साप तेथे हौसेने पाळला जातो. नव्याने आणलेल्या सापाची कातडी निस्तेज झाली आणि डोळे दुधाळ-निळसर दिसू लागले, की पाळणारे घाबरतात. हा आजार नसून कात टाकण्याची पूर्वतयारी असते. जुन्या व नव्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव साठल्याने हा बदल दिसतो. या काळात सापाला अंधूक दिसते. तो बहुधा खात नाही आणि हाताळल्यास चावूही शकतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. त्यानंतर तो तोंड घासून कात उतरवतो.

पेटीत ओल्या शेवाळाचा डबा, पाण्याचे भांडे आणि खडबडीत लाकूड ठेवावे. कात ओढून काढू नये. ती उतरल्यावर डोळ्यांवरील पारदर्शक आवरणे व शेपटीचे टोक तिच्यासोबत निघाले आहे ना, हे तपासावे. शेपटीला चिकटलेल्या कातेमुळे रक्तप्रवाह अडून टोक निकामी होऊ शकते. डोळ्यावरील आवरण राहिल्यास पशुवैद्यकांकडेच जावे.

भारतात मात्र नाग, धामण यांसारखे देशी साप पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे.