जगत्तुंगाचा दिग्विजय आणि गावाची वेठ

मराठवाड्याच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण पैठणचे सातवाहन आणि देवगिरीचे यादव ह्यांचे गुणगान करतो व थांबतो. मधल्या काळात नांदेड-लातूरच्या भूमीशी नाते सांगणारे एक साम्राज्य होऊन गेले, त्याची आठवण फारशी निघत नाही. इ. स. 866 च्या शिलालेखात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष ‘लट्टलूरपुरवरेश्वर’ असे बिरुद मिरवितो. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. ह्या अमोघवर्षाचा पिता तिसरा गोविंद ऊर्फ जगत्तुंग, हा आजचा आमचा विषय.

गोविंद 793 च्या सुमारास गादीवर आला. वडील भाऊ स्तंभ बाजूला पडला होता. त्याने बारा राजे गोळा करून बंड केले. गोविंदाने ते मोडले, पण भावाला मारले नाही. गंगवाडीचा कारभार त्याच्याकडेच दिला. घर सावरल्यावर तो उत्तरेकडे निघाला. प्रतिहार नागभटाला त्याने रणातून हुसकावले. बंगालचा धर्मपाल आणि कनोजचा चक्रायुध स्वतः होऊन शरण आले. नंतर दक्षिणेस वळून त्याने कांचीच्या पल्लवांना नमविले, तेव्हा लंकेच्या राजाने अधीनतेची खूण म्हणून दोन मूर्ती पाठविल्या. गोविंदाच्या घोड्यांनी हिमालयाच्या झऱ्यांचे पाणी प्याले, असे त्याच्या मुलाचा 871 चा संजाणचा ताम्रपट अभिमानाने सांगतो.

हा पराक्रम खोटा नव्हे. परंतु तो टिकला किती? थोड्याच वर्षांत कनोज प्रतिहारांच्या हाती गेले. 814 मध्ये गोविंद वारला, मुलगा लहान होता. सामंत उठले, आणि गुजरातच्या चुलत भावाने, कर्काने, हात दिला म्हणून गादी वाचली. पुढे ह्या घराण्याची कीर्ती एवढी वाढली की 851 च्या अरबी वृत्तांतात बगदाद, चीन आणि रूम येथील सम्राटांच्या जोडीला ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज ह्याचे नाव येते. तरीही 972 मध्ये माळव्याच्या सीयकाने राजधानी मान्यखेट लुटली आणि वर्षभरात चालुक्य तैलपाने राज्य घेतले.

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घातलेली माणसे. शाळा थोडी, करार वाचण्याची सवय मोठी. करारात प्रस्तावना गोड असते. कामगाराचे बरेवाईट खालच्या कलमात असते. ताम्रपटही आम्ही तसेच वाचतो. गोविंदाचा पैठणचा ताम्रपट शके 716 चा, म्हणजे 794 चा. अशा दानपत्रांत आरंभी राजांची स्तुती, आणि शेवटाकडे कोणते गाव कोणत्या हक्कांसह दिले त्याचा तपशील. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांतील त्या तपशिलात दोन शब्द पुनःपुन्हा भेटतात.

पहिला ‘अचाटभटप्रवेश्य’. ह्या गावात राजाचे शिपाई-प्यादे शिरणार नाहीत, अशी ही सवलत. एका गावाला ती मुद्दाम लिहून द्यावी लागते, ह्यावरूनच ज्यांना ती नव्हती त्या गावांना दिग्विजयी सैन्य काय वाटत असेल, ते समजावे. दुसरा शब्द ‘सोत्पद्यमानविष्टिक’. गावातून मिळणारी विष्टी, म्हणजे बिनमजुरीचे सक्तीचे काम, तेही दान घेणाऱ्यास दिले. धान्य दिले, सोने दिले, आणि त्याच ओळीत माणसांचे श्रमही दिले. विष्टी हाच शब्द झिजून आपल्या मराठीत ‘वेठ’ झाला.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता; राजाला दोष कशाला? आम्ही दोष देत नाही. प्रश्न वारशाचा आहे. कंधारला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न पाय आहेत. पाणी अडविण्याची ती विद्या हा राष्ट्रकूटांचा चांगला वारसा, आणि दुष्काळी मुलखाने तो डोक्यावर घ्यावा. पण माती वाहणाऱ्यांची नावे कोणी कोरली नाहीत. तलावाला नाव राहिले ते राजाचे.

दुसरा वारसा त्याहून चिवट निघाला. हिमालयापर्यंतचे राज्य एका पिढीत आटले. वेठ मात्र राजामागून राजा बदलला तरी गावात राहिली. निजामाच्या राज्यात जहागीरदार-देशमुखांच्या वाड्यावर ती 1948 पर्यंत राबविली जात होती. 1950 च्या संविधानाच्या 23 व्या कलमाने ‘बिगार’ हा शब्द घालून तिला मनाई केली, आणि तरीही 1976 मध्ये वेठबिगारीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. जगत्तुंगाच्या घोड्यांनी कोठले पाणी प्याले ते मुलांना अवश्य सांगा. त्याबरोबर, त्या घोड्यांचा दाणा कोणाच्या शेतातून आला आणि तो कोणाच्या पाठीवरून गेला, हेही त्यांना विचारावयास शिकवा.