चिनी दुकानाची वही आणि आपले ताट

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 गिरमिटिये मॉरिशसला उतरले. 1910 पर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक आले. मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले पूर्वज त्यांतलेच. पगार महिना 5 रुपये, सोबत तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. मायदेशी कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, याचे कडक नियम होते. जहाजावर आणि मळ्यावर ते पाळणे कठीण झाले.

पुढे गावोगाव चिनी दुकाने निघाली. हे दुकानदारही आपल्यासारखेच समुद्र ओलांडून आलेले. ऊसतोडणीचा पैसा हाती येईपर्यंत ते वहीवर उधार देत. त्या वहीला आपण ‘कार्ने’ म्हणतो. शिधा संपलेल्या कितीतरी घरांच्या चुली त्या वहीने पेटत्या ठेवल्या.

याच शेजारातून आपले ताट वाढले. आज पोर्ट लुईला आपण चिन्यांचे मीन फ्री आणि बुलेत, मुसलमानांची बिर्याणी, भोजपुरी घरांतून आलेली डाळपुरी सारख्याच आवडीने खातो. घरी सणाला पुरणपोळी असतेच.

पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. पण अडीअडचणीत त्यांना कोणी खाऊ घातले, हे त्या नोंदींत नाही. ते कार्नेत आहे. सुपरमार्केटे आली, जुनी दुकाने बंद होत आहेत. घरात एखादी जुनी कार्ने असेल तर रद्दीत टाकू नका. मुलांना ती वाचून दाखवा.