स्कंधविकारांवरील संयुक्त चिकित्सा : हस्तोपचार व चिनी वैद्यक

खांद्याची दुखापत, आखडलेपणा व जुनाट वेदना यांवर मर्दन, कर्षण आणि सांध्याचे चालन हे हाताने करावयाचे उपचार व सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर) यांची जोड घालून केली जाणारी चिकित्सा. भुजास्थीचा गोल माथा अंसफलकाच्या उथळ खोबणीत टेकलेला असून त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार स्नायूंच्या कंडरांकडे असते. या रचनेमुळे खांद्याला इतर कोणत्याही सांध्याहून अधिक मोकळीक लाभते. परंतु त्याच कारणाने तो सहज निखळतो व त्याच्या कंडरा झिजतात किंवा फाटतात. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेही व्यक्तींमध्ये, खांद्याच्या सांध्याचे संपुट (वेष्टन) आकसून हात वर जाईनासा होतो, तो विकार निराळा.

चीनमध्ये हाडे बसविणे आणि मर्दन या विद्या एकाच छत्राखाली वाढल्या. थांग राजवटीत (618–907) राजवैद्यकीय खात्यात मर्दनविद्येचे स्वतंत्र शिक्षण दिले जाई आणि मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसविण्याचे कामही त्याच वैद्यांकडे मुक्रर होते. छिएन-लुंग बादशहाच्या हुकुमाने वू छिएन याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या 1742 च्या वैद्यकसंग्रहात अस्थिसंधानाच्या आठ हस्तक्रिया नमूद असून, शेवटच्या दोहोंची नावे या विद्येच्या ‘तुइना’ या आजच्या नावात आढळतात. विसाव्या शतकात शांघायमध्ये तिंग ची-फंग याने रूढ केलेल्या क्रियेत चिकित्सक बोटे सैल ठेवून हाताच्या पाठीची करंगळीकडील बाजू रुग्णाच्या खांद्यावर लाटण्याप्रमाणे फिरवीत असतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने रुग्णाचे कोपर धरून तो हात दुखेल न दुखेल अशा मर्यादेपर्यंत हळूहळू उचलीत नेतो.

सूचिचिकित्सेत सुई टोचण्याचे बिंदू बहुधा खांद्याभोवतीच असतात. पण गुडघा व घोटा यांच्या मध्यावर, नडगीच्या बाहेरच्या अंगास असलेल्या ‘थियाओ-खौ’ या बिंदूचा उपयोग विशेष लक्षणीय आहे. सुई पायात फिरवीत असताना रुग्णाने दुखरा हात हलवावयाचा असतो. स्पेनमध्ये 425 रुग्णांवर झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांनाच तीन आठवड्यांत 15 वेळा भौतिकोपचार (फिजिओथेरपी) देण्यात आले. त्यांपैकी एका गटास आठवड्यातून एकदा या बिंदूवर सुई टोचली, तर दुसऱ्यास तुलनेसाठी बंद ठेवलेले विद्युतयंत्र लावले. शंभर गुणांच्या मापनात पहिल्या गटाची सरासरी सुधारणा 16.6, तर दुसऱ्याची 10.6 इतकी झाली, आणि वेदनाशामक औषधे कमी करू शकणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 53 व 30 टक्के होते. हा दाखला मोलाचा आहे. मात्र आपणांस खरोखरच सुई टोचली जात आहे हे रुग्णास ठाऊक असल्याने, त्या अपेक्षेचा वाटा या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही.

दोन्ही उपचारांची जोड सार्थ होते ती त्यांच्या क्रमामुळे. वेदनेच्या धाकाने स्नायू ताठ धरून ठेवणाऱ्या रुग्णाचा सांधा कितीही कुशल हाताला दाद देत नाही. सुईने वेदना थोडा वेळ शमली, तर तेवढ्या अवधीत चालन साधते आणि मिळालेली मोकळीक घरच्या व्यायामाने टिकवावी लागते. आकसलेल्या खांद्यात मात्र हस्तोपचार व व्यायाम यांपेक्षा सांध्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन अल्पावधीत अधिक गुणकारी ठरू शकते, असा निर्वाळा 2014 च्या कॉक्रन समीक्षेने दिला असून, परंपरेच्या अभिमानापोटी तो दृष्टीआड करणे रुग्णाच्या हिताचे नाही.

या जोडीतील सूचिचिकित्सा भारतात आणण्यात बिजयकुमार बसू यांचा मोठा वाटा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून 1938 मध्ये चीनला गेले, त्यातलेच ते एक.

उपचारापूर्वी निदान अपरिहार्य होय. पूर्ण फाटलेली कंडरा, अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा अर्बुद यांवर ही चिकित्सा लागू पडत नाही, आणि हृदयविकाराची वेदनाही डाव्या खांद्यात उमटू शकते. हाडे विरळ झालेल्या वृद्धाचा हात जोराने फिरविल्यास भुजास्थी मोडण्याचे भय असते. मान व खांदा यांच्या मधल्या उंचवट्यावर सुई खोल गेल्यास फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरू शकते. यास्तव तेथे ती उथळ व तिरपी टोचावयाची असते.