यंत्राची किंमत आणि यंत्राचा खर्च



शाळेत संगणक येतात तेव्हा उद्घाटन होते, देणगीदारांचा सत्कार होतो आणि आपल्या सर्वांना आनंद होतो. तो योग्यच आहे. परंतु पाचव्या वर्षी त्या यंत्रांचे काय होते, हे इतिहासाला विचारून पाहावे.

आपल्या देशात शालेय संगणक-शिक्षणाचा ‘क्लास’ हा सरकारी प्रकल्प १९८४-८५ साली सुरू झाला. त्यासाठी इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक निवडण्यात आले. सुमारे १२,००० यंत्रे आली व २,५९८ शाळांत पोचली. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला चार-पाच यंत्रे. आता आपणच हिशेब करा. पन्नास मुलांच्या वर्गात एका यंत्राभोवती दहा-बारा मुले! पुढे आठव्या पंचवार्षिक योजनेत या जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी वार्षिक अनुदानाची तरतूद करावी लागली. खरेदी एकदाच होते, खर्च मात्र दरवर्षी दारात उभा राहतो.

व्यापाराने याचे शास्त्र बनविले. १९८७ साली अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेने कंपन्यांना सांगितले की, संगणकाची केवळ खरेदी-किंमत धरू नका. दुरुस्ती, प्रशिक्षण, देखरेखीचा माणूस व यंत्र बंद पडल्याने वाया गेलेला वेळ हेही मोजा. याला ‘मालकीचा एकूण खर्च’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शाळांसाठीही हीच पद्धत सुचविण्यात आली. ती आपणही घ्यावी, यात कमीपणा नाही.

मात्र मोठी योजना आणि मोठा पैसा म्हणजे यश नव्हे. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ साली प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची योजना आखली. वर्ग-वर्गांतील इंटरनेट-जोडणी धरून खर्चाचा अंदाज एक अब्ज डॉलरांहून अधिक होता. वाटप सुरू होताच काही आठवड्यांत मुलांनी यंत्रावरील बंधने ओलांडली. यंत्रासोबत घेतलेला पाठ्यक्रमही अपुरा असल्याची तक्रार झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये तो करार थांबविण्यात आला. यंत्र आधी आले. ते कशासाठी, हा प्रश्न मागे राहिला.

येथेच दुकान आणि शाळा यांतील फरक ध्यानात घ्यावा. दुकानाचा तोटा वर्षअखेरीस वहीत दिसतो. शाळेचा तोटा कोणत्याच वहीत दिसत नाही. तो दहा वर्षांनी नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून व्यापाराकडून हिशेबाची शिस्त घ्यावी. पण नफ्याच्या रकान्यात मुलाला काय येऊ लागले, हेच लिहावे.

तेव्हा पालकांनो, पुढच्या सभेत किती संगणक घेतले एवढेच विचारून थांबू नका. कोणता विषय त्यावर शिकविणार? शिक्षकांना कोण व कधी तयार करणार? दुरुस्तीचे पैसे कोठून येणार? आठवड्यात प्रत्येक मुलाच्या, आणि प्रत्येक मुलीच्याही, वाट्याला किती तास येणार? वर्षाअखेरीस काय साधले, ते कोण तपासणार?

संस्थेचा पैसा वर्गणीचा आहे. तो मजुराच्या रोजातून आणि विधवेच्या शिवणकामातून आलेला असतो. हे प्रश्न विचारणे म्हणजे संस्थेवर अविश्वास दाखविणे नव्हे. त्या घामाच्या पैशाचा मान राखणे होय.