गिअरबदल : मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक

इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांच्यातले प्रमाण चालत्या वाहनात बदलणे म्हणजे गिअरबदल. चालक हे काम स्वतः हातापायाने करतो तेव्हा गाडी मॅन्युअल, यंत्रणा आपणहून करते तेव्हा ऑटोमॅटिक. बोलीत चारचाकीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि दुचाकीला ‘बिनगिअरची’. बिनगिअरच्या स्कूटरमध्येही हे प्रमाण सतत बदलत असते. ते बदलायला चालकाच्या हाती काही दिलेले नसते, एवढेच.

मुळात गिअर लागतात ते इंजिनाच्या एका मर्यादेमुळे. गाडीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेऱ्यांखाली गेले की गुदमरून बंद पडते, आणि त्याचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, त्याहून बऱ्याच जास्त फेऱ्यांना मिळतो. उलट उभ्या गाडीचे चाक शून्यापासून हलवायचे असते. म्हणून लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन चौदा-पंधरा फेरे घेते, तर पाचव्यात तीन-साडेतीन. पहिल्यात जोर मिळतो, पाचव्यात वेग. मध्ये क्लच असतो, तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्षणभर वेगळे करतो.

फ्रान्समधील पानार ए लव्हासोर या कंपनीने १८९१ च्या सुमारास पुढे इंजिन, मग क्लच, मग सरकत्या दंतचक्रांचा गिअरबॉक्स अशी मांडणी रूढ केली. दोन चक्रांचे वेग जुळले नाहीत तर ती करकरत. ते जुळवण्यासाठी क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, गरज पडली तर किंचित रेस द्यायची आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. ट्रकवाल्यांच्या पिढ्या ज्याला ‘डबल क्लच’ म्हणत आल्या ते हेच. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. यात गिअर गुंतण्याआधी घर्षणाची कडी दोन्हींचा वेग सारखा करते. मॅन्युअल मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती या कडीमुळे. गिअरच्या दांड्याची जागा मात्र बदलत राहिली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी चालवणाऱ्यांना तो स्टिअरिंगच्या खांबावर असायचा, मारुती ८०० मध्ये तो खाली आला.

मोटारसायकलचा गिअरबॉक्स वेगळा. त्यातली चक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असतात आणि बाजूचे दाते सरकून हवी ती जोडी आसाला अडकवतात. सिंक्रोमेशची गरज पडत नाही. मोटारीत चौथ्यावरून थेट दुसरा टाकता येतो. इथे मात्र पायाने एकेक पायरी चढावी-उतरावी लागते. या साध्या कामाचेही आपल्याकडे किती प्रकार होते! जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. म्हैसूरला बनणाऱ्या जावा आणि येझदीची किक हाच गिअरचा दांडा होता, आणि तो दाबला की क्लच आपोआप सुटे. हाताचा क्लच लागे तो मुख्यतः गाडी उचलताना. बजाज चेतकमध्ये क्लच दाबून डावी मूठच फिरवायची. मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत केबली जात. त्या ढिल्या झाल्या की दुसरा शोधताना न्यूट्रल लागे, आणि नेमका चढावर.

ऑटोमॅटिकचा मोठा इतिहास अमेरिकेतला आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा चार गतींचा गिअरबॉक्स दिला. त्यात इंजिन आणि गिअर यांना जोडणारा दुवा तेलाचा होता. १९४८ मध्ये ब्यूकच्या डायनाफ्लोने टॉर्क कन्व्हर्टर आणला. त्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची, विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी सुचलेली. इंजिनाकडचा पंखा तेल भिरकावतो, त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो, आणि दोहोंमधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो. त्यामुळे सुरुवातीला टॉर्क सुमारे दुप्पट होतो. तेलाच्या या घसरणीत इंधन वाया जाते. वेग जुळल्यावर दोन्ही बाजू घट्ट बांधणारा लॉक-अप क्लच आणि सहा-आठ गती आल्यावर हा तोटा बराच कमी झाला. ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हे मत त्याआधीच्या गाड्यांबाबत खरे होते.

नेदरलँड्समधील डॅफ कंपनीच्या हूब फान डोर्ने याने १९५८ मध्ये वेगळी वाट काढली. त्याच्या गाडीत ठरावीक गिअरच नव्हते. दोन पुल्यांवर पट्टा होता, आणि पुल्या रुंद-अरुंद झाल्या की प्रमाण अखंड बदलत जाई. मोटारींत ही रचना तेव्हा फारशी पसरली नाही. तिचे भाग्य स्कूटरमध्ये उघडले, आणि ही गोष्ट आपल्याशी थेट निगडित आहे.

अमेरिकेत ऑटोमॅटिक आधी मोटारीत रुळले. भारतात ते दुचाकीतून आले. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना निघाली. तिला एकच गती होती आणि क्लच अपकेंद्री, म्हणजे फेरे वाढले की आपोआप पकडणारा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, तीत बटण स्टार्ट होता आणि पट्ट्याचा बदलता गिअर. पुढच्या पुलीतले जड रोलर वेगाबरोबर बाहेर फेकले जातात, पुली आवळली जाते, पट्टा वर चढतो; हाताने करायचे काही उरत नाही. नव्वदच्या दशकात स्कूटी आणि पुढे ॲक्टिव्हा यांनी ही पद्धत घराघरांत नेली. तेलाच्या पंख्यांचा गिअरबॉक्स महाग आणि वजनदार. रबरी पट्टा आणि काही रोलर स्वस्त. दुचाकीने आघाडी घेण्याचे कारण एवढेच आहे. परिणाम मात्र मोठा झाला. पुण्यासारख्या शहरात बायका-मुली मोठ्या संख्येने स्वतःची गाडी घेऊन कामाला, कॉलेजला निघाल्या, यात बिनगिअरच्या स्कूटरचा वाटा फार मोठा आहे. तिला ‘सोपी गाडी’ म्हणून कमी लेखणारे हे विसरतात.

चारचाकीत हे वळण २०१४ मध्ये आले. मारुतीच्या सेलेरिओत मॅन्युअल गिअरबॉक्स तसाच ठेवून क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्राकडे दिले गेले. याला एएमटी म्हणतात. ती टॉर्क कन्व्हर्टरपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ॲव्हरेजही मॅन्युअलच्या जवळपास देते. गिअर बदलताना गाडी क्षणभर पुढे मान टाकते, हा तिचा दोष. दोन क्लच असलेल्या डीसीटीत पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून तो झटका नाही. ही रचना फोक्सवॅगनने २००३ मध्ये बाजारात आणली. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर १२०० एफ या मोटारसायकलवर तीच दिली.

‘चांगले कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. शहराच्या कोंडीत शंभरदा हाफ क्लच धरणे हा कौशल्याचा पुरावा नव्हे. त्याने गुडघा आणि क्लच प्लेट दोन्ही झिजतात. तिथे ऑटोमॅटिक निर्विवाद सरस. घाटात चित्र बदलते. साध्या ऑटोमॅटिकला कळते ते घडून गेलेले: वेग उतरला, पेडल दाबले गेले. समोरचे वळण आणि त्यापुढचा चढ दिसतो तो चालकाला, म्हणून तो गिअर आधीच उतरवतो. उताराला हा फरक आणखी मोलाचा ठरतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. ‘ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही शंभर टक्के खरा आहे. ऑटोमॅटिक मोटारीतही त्यासाठी ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो, पण अनेकजण गाडी विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. स्कूटरला ती सोय नसते, आणि फेरे फार उतरले की तिचा क्लच सुटून इंजिनाची रोखही जाते. म्हणून आंबोली किंवा वरंधासारख्या घाटात स्कूटर सुरुवातीपासूनच हळू उतरवावी, मधे थांबून ब्रेक निवू द्यावेत.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची फ्युएल इंजेक्शनची इंजिने इंधन बंद करतात; न्यूट्रलमध्ये ती चालू राहण्यासाठी पेट्रोल घेतात.

विजेच्या गाड्यांत हा वाद बहुतांशी मिटतो, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते आणि एक ठरावीक प्रमाण पुरते. मूठ फिरवून गिअर टाकायला लावणारी चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली ती क्लच आणि गिअर दोन्हींशिवाय.

भारतात मोटारसायकलचा परवाना गिअरसह आणि बिनगिअरचा असा वेगवेगळा मिळतो. मोटारीसाठी मात्र तो भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल गाडी चालवण्याची परवानगी नसते. आपल्याकडे कायदा अडवत नाही. म्हणून केवळ ऑटोमॅटिकवर शिकलेल्यांनी दुसऱ्याची मॅन्युअल गाडी घाटात नेण्यापूर्वी मोकळ्या चढावर, जाणकार शेजारी बसवून, क्लचचा सराव जरूर करावा.